लाल फेरी

साईनाथ ठेकेदाराला वेलांटीचे पैसे द्यायचे नव्हते. शहापूरच्या बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस होतं. तिथे तो खुर्चीत रेलून समोरच्या कागदावरची अक्षरं पेनाच्या टोकाने मोजत होता आणि मोजता मोजता दातातली बडीशेप जिभेने कोरत होता. चंदर पेंटर समोर उभा होता. आलेल्या माणसाला बस म्हणायची साईनाथच्या घरात पद्धतच नसावी.

"पि, ण्या, चे, पा, णी. पाच अक्षरं," साईनाथ म्हणाला. "पाचाचा भाव सांग."

"पाच कशी? दोन वेलांट्या, दोन काने, एक मात्रा. 'ण्या' तर जोडाक्षर. साधा 'प' कापायला नि 'पि' कापायला सारखाच टाइम लागतो काय?"

"वेलांटी म्हंजे काय अक्षर हाय? उद्या म्हणशील, मधल्या मोकळ्या जागेचे पण दे."

ह्यावर साईनाथ स्वतःच खदखदून हसला. हाच माणूस निवडणुकीत एका उमेदवाराचं नाव चाळीस भिंतींवर लिहून घेताना कानामात्रा मोजत नव्हता, कारण तेव्हा पैसा दुसऱ्याचा होता. आताही पैसा दुसऱ्याचाच होता, पण त्यातला उरेल तो साईनाथचा होता.

काम मात्र चांगलं होतं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांच्या विहिरींचं पाणी तपासून झालं होतं आणि निकाल विहिरीच्या कठड्यावर फूटभर उंच अक्षरात लिहायचा होता. विहिरी एकोणीस. वर काळ्यात 'पिण्याचे पाणी' आणि खाली तपासणीत जे निघालं ते: चांगल्या विहिरीवर हिरव्यात 'योग्य', खराब विहिरीवर लालात 'अयोग्य'. फ्लेक्स लावून चालणार नव्हता. पाड्यावर लावलेला फ्लेक्स आठ दिवसांत कुणाच्या तरी कुडावर पावसाची सोय म्हणून चढतो, हे वरच्या साहेबांनाही इतक्या वर्षांनी कळलं होतं.

फ्लेक्स आल्यापासून चंदरचा धंदा बसला होता. दुकानांच्या पाट्या गेल्या, शाळांच्या भिंती गेल्या, उरलं ते ट्रकच्या मागे लिंबू-मिरची काढणं. म्हणून तो उभा राहून ऐकत होता. शेवटी विहिरीमागे तीनशेवर तुटलं. काळ्या फेरीचे सव्वाशे, रंगीत फेरीचे पावणेदोनशे. लाल रंग अंगाने पातळ, पांढऱ्या पट्ट्यावर एका हातात बसत नाही, दोनदा द्यावा लागतो, म्हणून त्याचे जास्त. एरवी दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारा साईनाथ लालाच्या भावाला लगेच 'बरं' म्हणाला. तिथेच चंदरला शंका यायला हवी होती. पण काम मिळाल्यावर माणूस शंकेला जागा ठेवत नाही.

विहिरीचा कठडा गोल. त्यावर पत्र्याचा साचा बसत नाही, कडा उचलून राहतात आणि रंग आत पसरतो. चंदरने भंगारवाल्याकडून एक्स-रेच्या जुन्या फिल्मा आणल्या आणि घरी ओटीवर बसून अक्षरं कापली. फिल्म वाकते, कठड्याला पोटाशी धरल्यासारखी चिकटते. कुणाच्या तरी छातीच्या फासळ्यांतून 'पा' निघाला, कुणाच्या मोडलेल्या मनगटातून 'ग्य'. अक्षराच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून मध्ये बोटभर पट्टी तशीच ठेवावी लागते. चंदर तिला सांधा म्हणायचा. साच्याने काढलेलं अक्षर ह्या सांध्यांवरून ओळखू येतं, आणि कुठल्या पेंटरचं तेही कळतं, कारण प्रत्येकजण सांधा आपापल्या जागी ठेवतो. चंदर 'अ'चा सांधा नेहमी खालच्या वळणात ठेवायचा.

काम करायची त्याची रीत ठरलेली होती. आधी सगळीकडे काळा, मग सगळीकडे रंगीत. तेलाचा काळा सुकायला दिवस लागतो. ओल्या काळ्याखाली लालाचा साचा लावायला गेलं की कड घासते आणि सगळं फराटतं. शिवाय एकाच दिवशी दोन रंग म्हणजे दोन ब्रश, दोनदा रॉकेल, दोनदा धुणं. त्याच्या वस्तादाने असंच शिकवलं होतं आणि तीस वर्षांत त्यात कधी काही बिघडलं नव्हतं. दुकानाच्या पाटीवर दोन दिवस नुसतं 'श्री' लिहिलेलं राहिलं तर कुणाचं काय जातं?

मार्च सरत आला होता. चंदर सकाळी जुन्या मोटारसायकलला डबे बांधून निघायचा. खर्डीकडच्या सहा विहिरी दोन दिवसांत झाल्या, मग किन्हवलीच्या बाजूच्या सात, मग सरळगाव ओलांडून मुरबाडच्या अंगाच्या सहा. पांढरा पट्टा ओढायचा, तो सुकेपर्यंत भाकरी खायची, मग फिल्म चिकटवून ब्रश ठोकायचा. ठोकायचा, ओढायचा नाही. ओढला की रंग साच्याखाली शिरतो. काळी फेरी संपल्यावर साईनाथ एकदाच जीपमधून सगळ्या विहिरी फिरला, मोबाइलवर फोटो काढले आणि प्रत्येक ठिकाणी नाकाला रुमाल लावून उभा राहिला. पाड्याला वास येतो म्हणाला.

शेवटची विहीर कोथळपाड्याची. सिद्धगडाचा डोंगर तिथून हाताच्या अंतरावर दिसतो. पाड्यावर पस्तीस घरं, जमीन कुणाचीच नाही, अर्धी माणसं वीटभट्टीवर गेलेली. चंदरच्या खिशातल्या यादीत ह्या विहिरीपुढे लाल फुली होती. मागल्या वर्षी इथे कावीळ झाली होती, दोन माणसं गेली होती, आणि तेव्हापासून बाया विहीर सोडून ओढ्यातल्या डवऱ्याचं पाणी आणत होत्या. वाळूत खणलेला खड्डा तो, वाटी वाटीने हंडा भरायचा. जाऊन येऊन दीड तास.

चंदर शेवटचा 'णी' ठोकत होता. दुपारची वेळ, विहिरीवर कुणी नव्हतं. डवऱ्याकडून एक पोरसवदा बाई डोक्यावर हंडा घेऊन आली आणि थबकली. कडेवर तीनेक वर्षांची मुलगी होती. फिल्म निघाली, काळी अक्षरं चकचकीत उठली. बाईने ती एकेक करून मोठ्याने वाचली. आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेली सोनी ती, पाड्यावरच्या लहानी नावाच्या बाईची सून.

"काका, पिन्याचा पानी?" तिने विचारलं. "सरकारने तपासला ना? आता पिवाचा?"

चंदरच्या दातात ब्रश होता. हातात ओली फिल्म होती, ती खाली टेकली तर माती लागली असती. आणि खरं सांगायचं तर त्याचं लक्ष 'णी'च्या वेलांटीकडे होतं. वेलांटी फार सुरेख आली होती, कठड्याच्या गोलाईवरून वळून जाताना कुठे फुटली नव्हती. कुणीतरी आपली अक्षरं उभं राहून वाचतंय ह्याचं त्याला बरं वाटलं. त्याने मान डोलावली.

बस, एवढंच. मान डोलावली, फिल्म पुसली, डबे बांधले आणि गेला. लाल फेरीला चार दिवसांनी यायचंच होतं.

चार दिवसांचे दहा झाले. साईनाथ फोन उचलेना. उचलला की म्हणायचा, रंग यायचाय. मग म्हणायचा, साहेब रजेवर आहेत. अकराव्या दिवशी चंदर माडी चढून गेला. साईनाथ खुशीत होता. त्याने आपणहून काळ्या फेरीचे पैसे पुढे केले, वर चहा सांगितला. साईनाथने चहा सांगितला म्हणजे कुठेतरी कुणाचं तरी वाटोळं झालेलं असतं.

"लाल फेरी कधी?" चंदरने विचारलं.

"झाली की."

"कोणी केली?"

साईनाथने मोबाइल पुढे धरला. कोथळपाड्याची विहीर. पांढरा पट्टा, त्यावर चंदरचं काळं 'पिण्याचे पाणी', आणि खाली लालभडक 'अयोग्य'. चंदर बघत राहिला. 'अ'ला सांधा नव्हता. 'यो'ला नव्हता. एकाही अक्षराला नव्हता. कठडा गोल, वरची काळी ओळ कठड्याबरोबर वळलेली, आणि खालचं लाल अक्षर फूटपट्टीने आखल्यासारखं सरळ.

"हे भिंतीवर नाय," तो म्हणाला.

"फोटोत तर हाय ना. बाजूच्या स्टुडिओत मंगेशने कॉम्प्युटरवर चढवलं. एकोणीस फोटो, अर्ध्या तासात. वर गेले, पास झाले, बिल निघालं." साईनाथने चहाचा भुरका मारला. "तुझे पावणेदोनशे वाचवले असं नको समजू. तुझी मेहनत वाचवली."

"अरे पण भिंतीवर नुसतं पिण्याचं पाणी लिवलेलं हाय! अकरा विहिरी खराब हायत त्यातल्या!"

"वाचतो कोण रे तिकडे?" साईनाथ म्हणाला. हे तो रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो अगदी मायेने म्हणाला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. "आणि तुला एवढीच चाड असेल तर लाव ना तू. मी कुठे नाय म्हणतो? फुकट लावायचं तर खुशाल लाव. उलट बरंच, कोणी बघायला आलंच तर भिंत नि फोटो जुळेल."

चंदरला शिसारी आली. समोरचा चहा, त्यावर धरलेली साय, काचेवरचे बोटांचे ठसे, साईनाथचे बडीशेप चावणारे दात, सगळ्याचीच. तो चहा तसाच टाकून उठला. पैसे मात्र खिशात गेले होते, ते काही त्याने परत टाकले नाहीत. जिना उतरताना हेही त्याच्या ध्यानात आलं आणि शिसारी अजून वाढली.

घरी शकूला, त्याच्या बायकोला, त्याने सगळं सांगितलं. सांगताना साईनाथच्या सात पिढ्या उद्धारल्या. शकू तांदूळ निवडत होती.

"मंग तुमी जाऊन लावताव काय?" तिने विचारलं.

"मी कशाला? माझ्या पदरचा रंग, माझं पेट्रोल, नि भलं कोणाचं? त्या हरामखोराचं! त्याचं खोटं बिल मी खरं करून देऊ?"

"ते झालंच. पण बाया पाणी भरत असतील तर?"

"नाय भरत. त्यांना ठाव हाय कावीळ झालेली. डवऱ्यावर जातात."

हे त्याने ठासून सांगितलं आणि सांगताना सोनीचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढे आलं. डोक्यावरचा हंडा आला, कडेवरची मुलगी आली, आणि आपली मान डोललेली आली. ते काही तो शकूला बोलला नाही. नंतरचे दोन दिवस तो साईनाथला शिव्या देत राहिला. दुसऱ्याला शिव्या देत राहिलं की आपलं आपल्याला कमी दिसतं.

तिसऱ्या दिवशी तो मुरबाडला एका गॅरेजचं शटर रंगवायला गेला. दवाखान्याच्या फाटकाशी रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उकिडवा बसला होता. त्याने चंदरच्या गाडीला बांधलेले डबे ओळखले.

"तू इहिरीवर लिवनारा ना रं दादा?" म्हातारा म्हणाला. "मी सुक्या. कोथळपाड्याचा. लहानीचा घो."

"इथे काय?"

"नात हाय आत. मैना. हगवन नि वकाऱ्या. बाटली चढवलीय. पाड्यावर अजून चार पोरा पडल्यात." सुक्याने तंबाखू मळायला घेतली आणि तशीच हातात धरून ठेवली. "तिची आय रडते नुसती. म्हनते, मीच वाचला, मीच सगल्यांना सांगला. पन तिचा काय चुकला? लिवलेलाच वाचला ना तिने. तुलापन इचारला म्हनते, तू हां बोललास."

सुक्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. नुसती चौकशी होती, जसा एखादा विचारतो की बाजार गुरुवारी भरतो ना. त्या म्हाताऱ्याने शिवी घातली असती, दगड उचलला असता तर चंदरला सोसलं असतं. पण सुक्या खालूनच वर त्याच्याकडे बघत होता, अजूनही त्याच्यावर विश्वास ठेवून. चंदरला स्वतःच्या मानेची किळस आली. साईनाथने पैशासाठी केलं. आपण कशासाठी केलं? एका वेलांटीसाठी.

"पोरीला कसं हाय आता?" त्याने कसंबसं विचारलं.

"डाक्तर बोलले वाचेल. दोन दिस ठेवा बोलले."

"मी हां बोललो ते चुकलं, बाबा. ती विहीर खराब हाय. यादीत लाल हाय. लिवायचं अर्धं राहिलं होतं." तो म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसला. "पाड्यावर फोन कर कोणाला. सांग, पाणी पिऊ नका."

"फोन नाय दादा. मी सांजच्याला जाईन चालत, सांगेन."

चंदरने शटरवाल्याला उद्याचा वायदा केला आणि तिथूनच मुरबाडच्या दुकानात शिरला. लाल ऑईल पेंट एक लिटर, रॉकेल अर्धा लिटर. कोथळपाड्याच्या उताराला लागला तेव्हा ऊन अजून वर होतं. लाल-हिरव्याच्या फिल्मा दोन आठवडे डिकीतच होत्या, गुंडाळलेल्या, एकदाही रंग न लागलेल्या. वाटेत सारखं त्याला साईनाथचं वाक्य ऐकू येत होतं, भिंत नि फोटो जुळेल. आपण जाऊन त्या माणसाचं बिल पवित्र करणार. साईनाथ उद्या कुणापुढेही छाती काढून ह्याच विहिरीवर उभा राहील, आणि ती लाज झाकायला कपडा चंदरचा. एकदा तर त्याने गाडी थांबवली, उतरून रस्त्याच्या कडेला थुंकला आणि पुन्हा बसला.

विहिरीवर पाच-सहा बाया होत्या. दोर, बादल्या, भरलेले हंडे. चंदर येताच ओरडला, "भरू नका! टाकून द्या ते पाणी!" कुणी टाकलं नाही. दीड तासाची वाट वाचवणारं पाणी कोण एका ओरडण्यावर टाकतो? बाया बाजूला सरल्या आणि बघत राहिल्या. त्यांत लहानी होती. वाळकी, उंच, कपाळावर गोंदण. ती भरल्या हंड्यावर हात ठेवून उभी राहिली.

चंदरने फिल्म चिकटवली. 'अ'चा सांधा खालच्या वळणात. लाल रंगात ब्रश बुडवला, काठावर निथळला आणि ठोकायला लागला. पहिल्या हाताला रंग फिकट बसला, पांढरा आतून दिसत राहिला. तो सुकेपर्यंत थांबावं लागलं. तेवढ्या वेळात तो बायांना बोलला. यादीत काय होतं, दुसरी फेरी का झाली नाही, फोटो कसा केला, सगळं. आपण मान कशी डोलावली तेही बोलला. ते बोलताना त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही, कठड्याकडे पाहिलं. मग त्याने दुसरा हात दिला. दोन ओघळ खाली आले, ते त्याने बोटाने पुसले. अक्षरं मनासारखी आली नव्हती.

फिल्म निघाली. 'पिण्याचे पाणी', खाली 'अयोग्य'. बायांतल्या कुणाला वाचता येत नव्हतं. वाचता येणारी दवाखान्यात बसली होती.

"काय लिवला?" लहानीने विचारलं.

"पिऊ नका, असं."

लहानी पुढे आली. काळ्या ओळीवरून तिने हात फिरवला, मग लालाजवळ नेला आणि ओला आहे म्हणून मागे घेतला.

"ह्या कोनी लिवला?" तिने काळ्याकडे बोट केलं.

"मीच."

"नि ह्या पन तूच."

"व्हय."

"त्या रोजी बोललास पिवा. आज बोलतो पिव नको. उद्या येऊन काय लिवशील?" तिचा आवाज चढला नव्हता. "आमी कोनता धरायचा? आमच्या पोरी काय भित वाचून मरतील काय रोज?"

यादी दाखवावी म्हणून चंदरने खिशात हात घातला, आणि मग लक्षात आलं की यादीही कागदच, त्यावरही कुणीतरी लिहिलेलंच. त्याने हात तसाच बाहेर काढला. ओघळ पुसलेला तो हात लालच होता, खिशालाही लाल लागला.

मग लहानीने वेगळंच विचारलं.

"त्या काल्याचा पैसा भेटला तुला?"

"भेटला."

"कोनी दिला?"

"ठेकेदाराने."

"नि आजचा कोन देनार?"

"कोणी नाय."

"कोनीच नाय?"

"नाय गो. रंग पन माझाच."

लहानीने मान हलवली. बाकीच्या बायांकडे वळली.

"मंग आजचा खरा," ती म्हणाली, आणि भरलेला हंडा तिने कठड्याशी उपडा केला. पाणी चंदरच्या पायांवरून, डब्यांवरून वाहत गेलं. एकेकीने आपापला हंडा पालथा केला, कमरेवर घेतला आणि सगळ्या ओढ्याच्या वाटेला लागल्या.

चंदर ब्रश धुवायला बसला. अजून दहा विहिरी खराब होत्या, आणि त्या सगळ्यांवर कुणीतरी त्याचं सुरेख काळं अक्षर वाचून पाणी भरत होतं.